आत्या लाइनीवर आहे

माझ्या आत्याइतक्या लढाया आमच्या घराण्यात सोडाच, अख्ख्या गिरगावात कुणी लढल्या नसतील. नद्यांवरचे पूल राखले, चर्चची आवारं काबीज केली, धुक्यात हरवलेल्या तुकड्या परत आणल्या, आणि हे सगळं चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, नऊवारीच्या वयात पाचवारी नेसून, कोमट पाण्याचा पेला शेजारी ठेवून केलं. या सगळ्यात तिने एकदाही बंदूक चालवली नाही. बंदूक कुठलं बटण दाबलं की चालते हे तिला आजही ठाऊक नाही. मी एकदा सांगायला गेलो तर म्हणाली, "मला नको सांगूस. चुकून दाबलं जायचं."

ती लढायची तो खेळ मीच तिच्या घरात नेला होता. कॉम्प्युटरवरचा, इंटरनेटवरून खेळायचा, जुन्या महायुद्धाचा खेळ. एका बाजूला पन्नास माणसं, दुसऱ्या बाजूला पन्नास, आणि प्रत्येक सैनिकामागे कुठल्या ना कुठल्या गावात बसलेलं खरं माणूस. ज्यांना धडाधड गोळ्या झाडायच्या असतात त्यांना हा खेळ मानवत नाही. यात दहा मिनिटं शेतातून चालायचं, कुंपणाशी आडवं पडायचं, आणि कुठून आली ते कळायच्या आत एका गोळीत मरायचं. ज्या बाजूची माणसं एकमेकांशी नीट बोलतात ती बाजू जिंकते. सहा-सहा जणांच्या तुकड्या, प्रत्येक तुकडीला एक नाईक, आणि सगळ्या नाईकांच्या वर एक कमांडर, ज्याने फक्त नकाशा बघायचा आणि वायरलेसवर बोलायचं. ही कमांडरची जागा बहुतेक वेळा रिकामीच असते, कारण त्यात मजा काही नाही आणि हरल्यावर शिव्या मात्र त्यालाच.

मी हा खेळ दादरला आमच्या घरी खेळायचो. लोअर परळच्या ऑफिसात आठवडाभर दुसऱ्यांची प्रेझेंटेशन्स दुरुस्त करून माणसाला रविवारी कुठेतरी चिखलात आडवं पडावंसं वाटतं, हे मी बायकोला पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, एक तर हे यंत्र राहील, नाही तर जेवणाचं टेबल. आमच्या घराच्या मापाने तिचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून एका शनिवारी मी ते सगळं बाड टॅक्सीत घातलं आणि गिरगावात आत्याकडे नेऊन टाकलं. आत्या एकटी राहते. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात नोकरी केली, त्यातली पहिली अठरा-वीस वर्षं ट्रंक ऑपरेटर म्हणून. म्हणजे परगावी फोन करायचा तर आधी नंबर सांगून तासन्‌तास वाट बघावी लागे, त्या काळात मधल्या बोर्डावर दोऱ्या खुपसून या गावाची त्या गावाशी गाठ घालून देणारी बाई. त्यानंतर घरबसल्या थेट फोन लागायला लागले, बोर्ड गेले, आणि आत्याला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. त्या दुसऱ्या नोकरीबद्दल ती कधी बोलत नसे. विचारलं तर, "होती एक नोकरी," एवढंच.

ट्रंकची नोकरी मात्र तिच्यात मुरली होती. पाठ टेकून बसलेली मी तिला कधी पाहिली नाही, कारण त्या काळी मागून सुपरवायझर फिरत असे. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा, त्यामुळे जगातलं कुठलंही बोलणं तीन मिनिटांत आटपतं अशी तिची खात्री होती. माझी आई फोनवर आपल्या गुडघ्यांचं वर्णन करत असली की पलीकडून शांत आवाज यायचा, "वहिनी, तीन मिनिटं झाली. वाढवू?" आई दरवेळी रागावायची आणि दरवेळी वाढवायची. एकदा एका लग्नात भटजींनाही आत्याने हे विचारल्याचं सांगतात. मी त्या लग्नाला नव्हतो, पण मला ते पटतं.

पहिल्या रविवारी मी दुपारी तिच्याकडे खेळायला बसलो तेव्हा कानावर घालायचा हेडफोन घरी विसरलो होतो. सगळ्यांचे आवाज खोलीभर घुमत होते. आत्या चहा घेऊन आली आणि माझ्या पाठीमागे उभी राहिली. दहा मिनिटं झाली तरी हलेना.

"हे सगळे एकदम का बोलतायत?" तिने विचारलं.

"लढाई आहे, आत्या."

"असेना. तो एक जण मघापासून तीनदा विचारतोय, 'उधर कोई है क्या'. त्याला कुणी उत्तर दिलं का?"

कुणीच दिलं नव्हतं. मला तर तो ऐकूच आला नव्हता.

"सांग त्याला, आम्ही आहोत म्हणून."

मी सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "थँक यू, भाई. मुझे लगा सब चले गये." आत्याने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःसाठी स्टूल ओढून घेतलं. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ती आधीच खुर्चीत बसली होती, पदर खोचलेला, आणि माझ्या हेडफोनची वाट बघत होती.

कमांडरची जागा तिला मी दिली ती गंमत म्हणून, आणि स्वतःसाठी एक जुना कॉम्प्युटर आणून शेजारी मांडला. पण नकाशा समोर आल्यावर तिचे डोळे बदलले. तिला ते युद्ध दिसतच नव्हतं. तिला बोर्ड दिसत होता. कुठे कोण आहे, कुणाला कुणाशी बोलायचंय, कोण ताटकळतंय. माणसांची नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत ती पडली नाही. तिथे लोक नावंही चमत्कारिक घेतात, आकडे, कवट्या, काहीही. ती पहिल्याच वाक्यात विचारायची, "आप कहाँ से?" आणि मग तो माणूस जन्मभर त्या गावाचा होऊन जायचा. "लुधियाना, बोलिए." "कोची, होल्ड कीजिए." "भोपाल, आपको लुधियाना देती हूँ." मी सख्खा भाचा असून तिच्या लेखी दादर होतो. माझा जीव जात असताना मी ओरडलो, "आत्या, अगं डावीकडून आले," तर शांतपणे उत्तर आलं, "दादर, लाइन बिझी है."

नकाशावरची परदेशी नावं तिच्या जिभेला मानवत नव्हती. तिने ती बदलली. चौकाला नाका, नदीच्या काठाला चौपाटी, आणि एका गावात लाकडी सज्जांची घरं आणि चिंचोळ्या गल्ल्या होत्या ती झाली खोताची वाडी. "खोताची वाडी में मत जाइए, अंदर गया आदमी बाहर नहीं आता." महिनाभरात परिस्थिती अशी झाली की कोचीतला माणूस मल्याळी हेल काढून सांगू लागला, "ताई, नाके पर दो आदमी, एक टैंक." त्याला नाका म्हणजे काय ते कुणी समजावलं नव्हतं. तिच्या बोलण्यातून कळत होतं.

शेजारच्या काकूंना मात्र काही कळत नव्हतं. आत्याच्या भिंतीला लागून त्यांचं स्वयंपाकघर. एका रविवारी आत्या मोठ्याने बजावत होती की पुलावर कुणी जाऊ नका, पूल गेला, लांबून वळसा घालून या. काकूंनी ते ऐकलं आणि बाहेर गेलेल्या काकांना फोन करून सांगितलं की स्टेशनचा पूल पडलाय. काका बिचारे नातवाला घेऊन उन्हातून एवढा वळसा घालून आले. आत्याने त्यांची क्षमा मागितली, पण नंतर मला म्हणाली, "एक लक्षात आलं का तुझ्या? निरोप गेला आणि माणूस सुखरूप आला."

तिचा स्वतःचा सैनिक त्या खेळात कुठेतरी उभा करावा लागायचा. त्याला ती एका गोठ्यात नेऊन ठेवायची आणि विसरून जायची. एकदा शत्रूचा कुणी त्या गोठ्यात शिरला आणि त्याने गोळी घातली. पडदा काळा झाला. आत्या म्हणाली, "कुणीतरी लाइन कापली." मी सांगितलं की तू मेलीस. तिने विचारलं, "मग लुधियानाला कोण सांगणार?" मरणाबद्दल याहून वेगळी काही तक्रार तिने केली नाही.

हा लुधियाना म्हणजे आधी मोठं संकट होतं. तुकडीचा नाईक, आवाज ढोलासारखा, आणि प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना शिवी. आम्ही सगळे त्याला टरकून होतो. आत्याने आपल्या पहिल्याच लढाईत त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "लुधियाना, आपकी आवाज़ बहुत साफ़ आ रही है. इतना ज़ोर लगाने की ज़रूरत नहीं." मग तो हळू आवाजात म्हणाला, "जी." त्या दिवसानंतर त्याने तिच्यादेखत शिवी दिली नाही. चुकून अर्धी निघाली तर उरलेली गिळायचा.

असे तिचे तीन पक्के झाले. लुधियाना, कोची आणि भोपाल. भोपाल ही बाई होती, बारीक आवाजाची, जखमींना उचलण्याचं काम करणारी. रविवारी दुपारी तीन वाजता हे तिघे आपल्या आपल्या गावात येऊन बसायचे, मी गिरगावात दुसऱ्या कॉम्प्युटरवर, आणि आत्या मध्ये. कुणी जखमी होऊन एकटा पडला असला की आत्या भोपालला पाठवायचीच, मग मोर्चा हातचा जावो. "उसको बोलिए कोई आ रहा है," ती म्हणायची. "पहले बोलिए, फिर जाइए."

दोन वर्षं हे चाललं. मग कोचीने सुचवलं की एकदा भेटू या. लुधियानाला कामासाठी मुंबईत यायचं होतं, भोपालला शाळेची सुटी होती, कोची म्हणाला मी बसतो विमानात. मला वाटलं आत्या आनंदाने वेडी होईल. ती म्हणाली, "नको."

"का पण?"

"ओळखतो ना आपण. आणखी भेटून काय करायचंय?"

मी म्हणालो की ती लोकं किती लांबून येतायत. ती म्हणाली, "त्यांना मुंबई दाखव तू. राणीची बाग दाखव." आणि उठून डाळ बघायला गेली. मला वाटलं तिला खोलीची लाज वाटते, एवढ्याशा जागेत पाहुणे कुठे बसवायचे म्हणून. मी तिला न विचारता तिघांना पत्ता कळवून टाकला. तिला कळलं तेव्हा ती माझ्यावर ओरडली नाही. त्या रविवारी तीन वाजता ती खुर्चीत बसली नाही, एवढंच. गॅलरीत जाऊन उभी राहिली, आणि आत ते तिघे एकमेकांना विचारत राहिले, "ताई नहीं आयी?" मी उत्तर दिलं नाही. त्या दोन तासांत आम्ही सगळे मोर्चे हरलो आणि मला पहिल्यांदा कळलं की मी काहीतरी चूक केली आहे. ती काय, हे कळलं नव्हतं.

ते आले त्या दिवशी मात्र तिने वालाचं बिरडं केलं होतं, अळूवडी, पुऱ्या, आणि कपाटातली ठेवणीतली साडी. पहिला आला लुधियाना. मी दारात सहा फुटी माणसाची वाट बघत होतो आणि समोर पाच फुटांचा, चष्मा लावलेला, लोकरी कपड्यांच्या कारखान्यातला हिशेबनीस वाटावा असा सभ्य माणूस उभा होता. त्याने वाकून नमस्कार केला. एक शब्द बोलला नाही. कोचीची बेकरी होती. त्याने केकचा खोका आणला होता आणि तो कुठे ठेवावा हे न कळल्यामुळे अर्धा तास मांडीवर घेऊन बसला. भोपाल पन्नाशीची शिक्षिका, सुती साडीतली. मशीनगनच्या माऱ्यातून माणसं ओढून आणणारी ही बाई चाळीच्या जिन्याचा कठडा धरून धरून वर आली.

आणि मग कुणीच बोलेना. दोन वर्षं एकमेकांच्या कानात राहिलेली ही माणसं एका खोलीत समोरासमोर बसून पंख्याकडे बघत होती. मी म्हणालो, प्रवास कसा झाला. सगळे म्हणाले, अच्छा हुआ. मी म्हणालो, गरमी बहुत है. सगळे म्हणाले, हाँ. आत्या वाढत होती आणि मान वर करत नव्हती. लुधियाना घास घेताना तिच्याकडे बघायचा आणि तिने बघितलं की ताटात बघायचा. मला वाटलं, झालं, आता हे परत जातील, आणि पुढच्या रविवारी कुणीच येणार नाही.

ताटं उचलल्यावर आत्या ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. हात पुसले. तशीच, मागे न वळता म्हणाली, "सब लोग कुर्सी घुमाइए."

कुणाला काही कळलं नाही.

"दीवार की तरफ़," ती म्हणाली. "सब लोग."

कोचीने सगळ्यांत आधी खुर्ची फिरवली, तोंड कपाटाकडे. मग भोपाल खिडकीकडे, लुधियाना कॅलेंडरकडे, मी दाराकडे. आत्या ओट्यापाशीच. खोलीत आम्ही पाच जण एकमेकांना पाठ करून बसलो होतो. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं कोण जाणे.

"लुधियाना," आत्या म्हणाली. "बोलिए."

आणि तो आवाज आला. तोच, ढोलासारखा. तो म्हणाला, "ताई, वो दिन याद है, जब मैं बिल्कुल चुप था?" मग त्याने कॅलेंडरकडे बघत सांगितलं की त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी त्याचे वडील गेले होते. घर माणसांनी भरलं होतं, आणि त्याला कुठेच बसवेना म्हणून तो खेळायला येऊन बसला. कुणाला काही सांगितलं नाही. हलला नाही, लढला नाही. आत्याने दोनदा हाक मारली, तो बोलला नाही, आणि मग ती म्हणाली, "ठीक है, लुधियाना. मैं लाइन पर हूँ." आणि सबंध लढाईभर दर थोड्या वेळाने ती नुसतं एवढंच म्हणत राहिली, लाइन पर हूँ. मला ती लढाई आठवत होती. मला तेव्हा वाटलं होतं, त्याचं नेट गेलंय आणि म्हातारीला कळत नाहीये.

त्यानंतर सगळेच बोलले. कोची बोलला, मध्येच हसला, मध्येच मल्याळीत घुसून परत आला. दोन तास झाले असतील. मग भोपालने खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "दीदी, आप मिलने से मना क्यों कर रही थीं?"

आत्याने ते सांगितलं. मला, तिच्या सख्ख्या भाच्याला, जे कधी ठाऊक नव्हतं ते तिने भिंतीवरच्या फरशीला सांगितलं. ट्रंकवर असताना सकाळच्या पाळीत तिला आधी सगळ्या लाइनी तपासाव्या लागत. नागपूरच्या एक्स्चेंजवर एक माणूस होता. तो रोज सकाळी विचारायचा, मुंबई, कसं ऐकू येतंय, आणि ती सांगायची. खरखर आहे, किंवा आज स्वच्छ. मग तो म्हणायचा, इकडे थंडी आहे, किंवा आज आमच्याकडे आंब्याला मोहोर आला. एखादं वाक्य, जास्त नाही, लाइन अडवून चालत नसे. अशी नऊ वर्षं. त्याचं नाव तिला माहीत नव्हतं. विचारता आलं असतं. विचारलं नाही. एकदा तो खात्याच्या परीक्षेसाठी मुंबईला येणार होता. म्हणाला, चार वाजता तुमच्या फाटकाशी उभा राहीन, पांढरा बुशशर्ट असेल.

"मैं गयी थी," आत्या म्हणाली. "चार बजे. फाटक पर छह-सात लोग थे. सबका सफ़ेद बुशशर्ट." ओट्यावर पेला ठेवल्याचा आवाज आला. "और कोई बोल नहीं रहा था."

तिला बघून तो माणूस ओळखता येईना. त्यानेही पाळी सुटल्यावर फाटकातून येणाऱ्या पंचवीस बायका पाहिल्या असतील, सगळ्या गप्प. चारचौघांत हाक मारायची तर नाव ठाऊक नाही, आणि रस्त्यात उभं राहून 'नागपूर' म्हणून ओरडायचं तर तो काळ तसा नव्हता. ती पाच मिनिटं बसस्टॉपवर उभी राहिली. मग बस आली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनीवर कुणी दुसराच होता, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तो परत आला आणि त्याने लाइन कशी आहे ते विचारलं, तिने सांगितलं. फाटकाचा विषय त्याने काढला नाही आणि तिनेही. पुढच्याच वर्षी नागपूरला थेट फोन लागायला लागला आणि ती जागा बंद झाली.

"इसलिए," ती म्हणाली.

कुणी मागे वळलं नाही. मला वळावंसं वाटत होतं. भोपाल म्हणाली, "दीदी, आजकल ढूँढना मुश्किल नहीं. रिटायर्ड लोगों के ग्रुप होते हैं."

"नहीं," आत्या म्हणाली. "उनके पास मेरी तब की आवाज़ है. रहने दो." आणि मग अगदी रोजच्या आवाजात, "कोची, केक का क्या करना है?"

संध्याकाळी ते निघाले तेव्हा सगळे समोरासमोर बोलत होते. लुधियाना जिन्यातून तीनदा परत वर आला, एकदा रुमाल विसरला म्हणून आणि दोनदा काहीच विसरलं नव्हतं. मी आत्याची माफी मागितली. ती म्हणाली, "बरं झालं आले ते. तू विचारलं असतंस तर मी परत नकोच म्हटलं असतं." आणि थोड्या वेळाने, भांडी लावता लावता, "पण पुन्हा असं करू नकोस."

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी ती एका लढाईत म्हणाली, "फिर से बोलिए." मी दचकलो. पुन्हा सांगा, हे मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पुढच्या रविवारी ती तीनदा म्हणाली. मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला काचेच्या खोक्यात बसवून सांगितलं की आवाज आला की बटण दाबा. ती ताठ बसली आणि पहिला बारीक आवाज येताच, ट्रंकच्या बोर्डावर म्हणत असे तसं, म्हणाली, "येस, प्लीज." डॉक्टरांनी दोनदा समजावलं की उत्तर द्यायचं नाही, नुसतं दाबायचं. ती म्हणाली, "कळलं. पण समोरच्याला कसं कळणार?" दोन्ही कान बरेच गेले होते, उजवा जास्त. कानात घालायचं मशीन मिळालं. त्याने खोलीतलं एका माणसाचं बोलणं समजतं, पण हेडफोनमधून चार जण बोलू लागले की पत्र्यावर खडे पडल्यासारखं होतं म्हणाली.

दोन रविवार तिने तसंच रेटलं. तिसऱ्या रविवारी लढाई सुरू होण्याआधी ती वायरलेसवर म्हणाली, "भोपाल, आज से आप बैठिए." भोपालने विचारलं, का. तिला तो प्रश्न ऐकू आला नसावा, किंवा आला असावा. तिने हेडफोन काढला, बुचड्यातून सुटलेले केस मागे घेतले, आणि हेडफोनची वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

मी अजून दर रविवारी गिरगावात जातो. बायको आता म्हणते, यंत्र घरी आण, टेबलाची व्यवस्था करू. मी आणत नाही. भोपाल चांगली कमांडर आहे. शांत आहे, चुकत नाही, गावांच्या नावांनीच हाका मारते. पण लढाईच्या मध्येच कधी तरी सगळे एकदम गप्प होतात, त्या वेळी माझ्या कानात फक्त कुठल्याशा परक्या देशातल्या वाऱ्याचा आवाज असतो, आणि मला वाटतं आता ती काहीतरी म्हणेल. मी वळून बघतो. ती शेजारीच बसलेली असते, पाठ ताठ, माझ्या पडद्याकडे बघत. म्हटलं तर एका हाताच्या अंतरावर.

लढाई संपल्यावर लुधियाना अजून तिच्याशी बोलतो. तिला आता हेडफोनमधलं एकाचंही बोलणं लागत नाही हे त्याला माहीत आहे. मी सांगितलंय. तरी बोलतो, घरचं, मुलीच्या परीक्षेचं, हवेचं, आणि मी ते मोठ्याने तिला सांगायचं. परवा मी कंटाळलो होतो, ऑफिसची कामं डोक्यात होती. मी म्हणालो, "तो म्हणतोय सगळं ठीक आहे. बंद करू?"

आत्या पडद्याच्या कोपऱ्यात बघत होती. तिथे सगळ्यांच्या नावांची यादी असते, आणि जो बोलत असेल त्याच्या नावाशेजारी बारीक हिरवी खूण उजळते. मला ती खूण कधी दिसलीही नव्हती. आत्याने बोट ठेवलं.

"एवढंच नाही म्हणत तो," ती म्हणाली. "दिवा पेटलाय अजून."

मी हेडफोन परत कानाला लावला. लुधियाना बोलत होता. ती त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत बसली, मधूनमधून मान हलवत, आणि तो विझेपर्यंत तिने मला उठू दिलं नाही.